लोडावरचा खळगा

मित्रांनो, तुमच्या मोबाईलवर काहीतरी गोल गोल फिरत राहतं आणि तुम्ही 'लोड होतंय, लोड होतंय' म्हणून वैतागता, तो लोड मी नव्हे. मी कापसाचा लोड आहे. जुना, जाडजूड, लांबोडका. बैठकीत गादीवर भिंतीला लावून ठेवायचा आणि पाहुण्यांनी त्यावर ऐसपैस रेलायचं, तो. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलंही नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. मीच हल्ली कुणाच्या नजरेला पडत नाही.

येडगावात, धरणाच्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर सयाजींचं घर आहे. खाली चार खोल्या, वर गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात एक पत्र्याची खोली. त्या खोलीत टोमॅटोची रिकामी क्रेट, एक फाटकी ताडपत्री, बिघडलेला फवारणीचा पंप आणि मी, असे आम्ही राहतो. क्रेटचं बरं आहे. टोमॅटोचा तोडा सुरू झाला की ती खाली जातात, नारायणगावच्या बाजारात हिंडून येतात, चार गोष्टी बघून येतात. पंपालाही अधूनमधून कुणीतरी उचलून खडखडवून पाहतं. मला मात्र कुणी हात लावत नाही. दिवसभर पत्रा तापतो, उन्हं उतरली की कडकड वाजत निवतो, आणि मी ते ऐकत पडून राहतो. एकटेपणा म्हणजे काय, ते मला विचारा.

पण म्हणून मी रडगाणं गायला बसलोय असं समजू नका हं! माझं हे एकटेपण जरा निराळं आहे. ते कसं, हे सांगण्यासाठीच तर आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म आंबेगावचा. जुन्या आंबेगावचा, जे आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. सयाजींशी बयाबाईंचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी ओसरीवर पिंजारी आणून बसवला. त्याच्या धुनकीची तार दिवसभर टणटणत होती आणि पिंजलेला कापूस सगळ्या ओसरीभर उडत होता. मांजराच्या मिशांनाही कापूस लागला होता म्हणे.

"असा भरा, की जावयानं पाठ टेकली की आमची आठवण झाली पाहिजे," बयाबाईंचे वडील म्हणाले.

"भाऊ, कापूस हाय ह्यो," पिंजारी म्हणाला. "जो टेकंल त्याची पाठ वळखतो. एकदा वळखली की इसरत न्हाई."

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मी नुसता फुगून बसलो होतो. अंगावर गुलाबी मखमलीची खोळ, दोन्ही टोकांना गोंडे! लग्नाच्या सामानाच्या टेम्पोत मी कपाटाच्या वर, सगळ्यात उंच बसून येडगावला आलो. खाली नवरी रडत होती आणि मी वरून ऐटीत गाव बघत होतो. अक्कल कमी, दुसरं काय!

पुढची कितीतरी वर्षं माझी मोठी मजेची गेली. या घरी आलेला प्रत्येक पाहुणा माझ्यावर रेलला. माझ्यासमोर सोयरिकी जुळल्या, बांधाची भांडणं मिटली, कुणाला निवडून आणायचं आणि कुणाला पाडायचं तेही ठरलं. सयाजींचे जोडीदार गेणभाऊ वारूळवाडीहून यायचे, चपला काढायच्या आधीच मला जवळ ओढायचे आणि थापा मारायला सुरुवात करायचे. उसात दिसलेला बिबट्या त्यांच्या प्रत्येक फेरीला हातभर वाढायचा. मी सगळं ऐकून घेतलं. लोडानं कधी कुणाला खोटं पाडू नये, अशी आमची रीत आहे.

एकदाच काय ते कुणी माझ्यापाशी रेलायला नव्हे, रडायला आलं. डिंभ्याचं पाणी अडवलं आणि जुनं आंबेगाव त्यात गेलं, तेव्हाची गोष्ट. घर गेलं, ओसरी गेली, सगळं गेलं. बयाबाई दार लावून माझ्यापाशी बसल्या आणि माझ्यावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. "म्हायेरचं म्हून आता तूच ऱ्हायलास रं," असं म्हणाल्या. मला त्या वेळी फार वाटलं, की आपल्याला हात असायला हवे होते.

मग सयाजींच्या मुलाचं, आदेशचं लग्न झालं आणि घरात सोफा आला. तपकिरी, चकचकीत, आत फोम. त्यावर बसायचं आणि उठायचं, बस्स. उठलं की तो पुन्हा जसाच्या तसा. आत्ता इथं कोण बसून गेलं याचा त्याला पत्ताही नसतो! पण लोकांना तोच आवडला. मला आधी पलंगाखाली, मग जिन्याखाली आणि शेवटी गच्चीवरच्या खोलीत नेऊन टाकलं. मखमल विरली. बयाबाईंनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली. तोवर माझ्या पोटातला कापूसही म्हातारा झाला होता. दाबला की दबलेलाच राहायचा, फुगायचं नाव नाही.

मी वर असताना खाली सयाजी आजारी पडले. आधी म्हणे नुसता दम लागायचा. विहिरीपर्यंत जाऊन आले की बांधावर बसायचे. पायांना सूज आली, वहाणेचा पट्टा रुतायला लागला. "वय झालं," म्हणून त्यांनी अंगावर काढलं. मग आडवं पडलं की जीव घुसमटायला लागला, खोकल्याची उबळ यायची आणि ते ताडकन उठून बसायचे. सोफ्यावर बसून झोपून पाहिलं, मान अवघडली. उशांची चळत लावली, ती सरकायची. तेव्हा कुठं बयाबाईंना माझी आठवण झाली.

त्या धापा टाकत वर आल्या, मला खांद्यावर टाकलं आणि खाली नेलं. पलंगाच्या डोक्याशी मला लावलं. सयाजी टेकले. एक मोठा श्वास त्यांनी सोडला आणि डोळे मिटले.

"अगं, ह्यो लोड व्हता कुठं इतकं दिस?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता झोपले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण तो आनंद फार टिकला नाही. पाठीतून त्यांची धडधड माझ्या कापसाला लागत होती. मी इतक्या माणसांच्या पाठी ओळखतो, पण असं कधी ऐकलं नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पाणी कसं धक्के देत, थांबत, अडखळत येतं, तसं ते चाललं होतं. मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी आदेशनं गाडी काढली. सयाजींना सरळ बसवेना, म्हणून पाठीशी मला दिलं. नारायणगावच्या दवाखान्यासमोर गाडी थांबली, पण त्यांना उतरून चालता येईना. तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः गाडीपाशी आल्या. त्यांनी पायाची सूज बोटानं दाबून पाहिली, छातीला नळी लावली आणि विचारलं, "झोपताना किती उशा लागतात?"

"उशी न्हाई बाई, ह्यो लोड लागतो," बयाबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं निरखून पाहिलं, की मी क्षणभर स्वतःलाच पेशंट समजलो. मग सयाजींना आत नेलं. कितीतरी तपासण्या झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी गाडीपाशी उभं राहून बयाबाईंना समजावलं, ते मी उघड्या काचेतून ऐकलं. "आजी, यांचं हृदय मोठं आणि ढिलं झालंय. विहिरीवरच्या मोटारीचा जोर गेला तर पाणी वर चढत नाही ना? तसं रक्त पुढे ढकललं जात नाही आणि मागे फुफ्फुसांत पाणी साठतं. त्यामुळं आडवं पडलं की गुदमरतं."

"बरं व्हतं का वं हे?"

"पुष्कळांचं होतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी करायचं, आणि वेळ द्यायचा. आणि हे बघा," त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या, "या लोडावर लक्ष ठेवा. त्याची गरज हळूहळू कमी व्हायला पाहिजे. आणि एकदा सुटल्यावर तो पुन्हा लागला, तर त्याच दिवशी इकडे आणायचं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. डॉक्टरच्या तोंडी माझं नाव! पण नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, की मी ज्या दिवशी नकोसा होईन, तोच त्या घराचा चांगला दिवस.

सयाजी औषधं घेऊ लागले. गोळ्या कडू, ते तोंड वाकडं करायचे. बयाबाई हातात तांब्या घेऊन समोर उभ्याच. सून अश्विनीनं भाजीतलं मीठ कमी केलं, तेव्हा तर ते ताटावरून उठायचेच बाकी होते. हळूहळू पायाची सूज उतरली. धडधडीतले धक्के कमी झाले. माझ्यावरचा भार दिवसेंदिवस हलका झाला. मग माझ्याऐवजी दोन उशा आल्या, मग एकच. महिने गेले. पुन्हा तपासणी झाली तेव्हा सयाजींच्या हृदयानं पुष्कळ जोर धरला होता. त्यांनी ओट्यावरूनच ओरडून सांगितलं, "पंपिंग वाढलं! जवळजवळ नॉर्मल!" अश्विनीनं सगळ्यांना चहा केला. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावून सांगितलं होतं, की हे बरं झालंय ते गोळ्यांच्या जोरावर; बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत.

त्याच संध्याकाळी बयाबाईंनी मला उचलून वर आणलं. "तुजं काम झालं, बाबा," म्हणाल्या. मला आनंद झाला का? झाला. वाईट वाटलं का? तेही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. माझ्या दारासमोर कोरफडीची एक कुंडी होती. ती आणि मी एकमेकांकडे बघत बसायचो.

श्रावणात बयाबाईंनी नवस फेडला. सयाजी बरे झाले तर जोडीनं भीमाशंकरला येईन, असं त्यांनी देवाला सांगून ठेवलं होतं. दोघं एसटीनं गेले. पायऱ्या उतरून दर्शन घेतलं, पुन्हा चढून आले, दम लागला नाही. आमच्याकडे अशी रीत आहे, की क्षेत्राच्या ठिकाणी गेलं की आपल्या आवडीचा एखादा पदार्थ देवापाशी कायमचा सोडायचा. बयाबाईंनी सीताफळ सोडलं. सयाजींनी काय सोडलं, ते त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नाही. "देवाला ठावं," एवढंच म्हणाले. घरच्यांना वाटलं, भजी सोडली असतील.

त्यानंतर सयाजी रोज सकाळी गच्चीवर यायला लागले. टाकीचं पाणी बघायचं निमित्त. कुंडीपाशी वाकायचे, मातीत बोटानं काहीतरी दाबायचे आणि खाली जायचे. मला वाटलं, कोरफडीला खत घालत असतील. मी म्हटलं, वा, कुंडीचं नशीब उघडलं!

मग एके दिवशी दुपारी गेणभाऊ आले. दोघं जोडीदार माझ्या खोलीत ताडपत्री पसरून बसले. गेणभाऊंनी जुन्या सवयीनं मला ओढलं आणि रेलले.

"काय सोडलंस रं देवापाशी? वैनी सांगत व्हत्या, कुणाला बोलत न्हाईस."

सयाजींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गोळ्या सोडल्या."

"आँ?"

"लोक वांगं सोडत्यात, गवार सोडत्यात. म्या गोळ्या सोडल्या. देवानं बरं केलंय म्हटल्यावर परत गोळ्या खायच्या म्हंजी देवावर इस्वास न्हाई असं न्हाई का व्हत? रोज तिच्यासमोर हातात घेतो, तोंडापाशी नेतो, पानी पितो. अन् गोळी त्या कुंडीत."

"लई भारी केलंस राव!" गेणभाऊंनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. "अन् बघ की, कसा टुणटुणीत दिसतोस! म्या तर म्हंतो, त्या डागदरांचा धंदाच हाय त्यो."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला रीत मोडून बोलावंसं वाटलं. अहो गेणभाऊ, तुमचा बिबट्या हातभर वाढला तर कुणाचं काही जात नाही, पण हे काय बोलता! मी त्यांच्या पाठीखाली होतो आणि माझा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. ते दोघं हसत हसत खाली गेले. कोरफड आणि मी तेवढे मागे राहिलो.

काही दिवस खरंच काही झालं नाही. सयाजी जिना भराभर चढायचे, शीळ घालायचे. दसऱ्याच्या साफसफाईत बयाबाईंनी माझी खोळ धुतली, मला उन्हात टाकलं आणि काठीनं बडव बडव बडवलं. अंगातली सगळी ढेकळं मोडून मी पुन्हा गोल गरगरीत झालो. "ऱ्हा आता ऐटीत," म्हणाल्या आणि मला भिंतीशी टेकवून गेल्या.

दिवाळी झाली. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली, आणि मधल्या वळणावर थांबली. पुन्हा वाजली. सयाजी आत आले. शीळ नव्हती. त्यांनी दार लोटून घेतलं, मला भिंतीशी नीट लावलं आणि हळूच टेकले.

मी खोटं बोलणार नाही. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणाची तरी पाठ लागली होती! पण पाठोपाठ ती धडधड आली. तीच. धक्के देत, थांबत, अडखळत. माझा कापूस गार पडला.

मग ते रोज दुपारी जेवण झालं की यायला लागले. रात्री अंधारात उशीला उशी लावून ते कसंबसं निभावायचे, पण दिवसाउजेडी खाली पलंगावर आडवं पडलं की जीव घाबरायचा. उठून बसलं तर बयाबाईंना कळायचं. लोड मागावा तर त्या लगेच गाडी काढायला लावतील. म्हणून हा सगळा खटाटोप. जिन्यावर आधी ते एकदा थांबायचे, पुढं दोनदा थांबायला लागले. वर आले की माझ्यावर टेकून तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "जाईल, जाईल. थंडीचं हाय. देवाला शबुद दिलाय, त्यो बघंल."

मला एकटेपणाचा इतका कंटाळा होता, की पूर्वी मी मनात म्हणायचो, कुणीही या, कशाहीसाठी या. आता मी म्हणत होतो, नका येऊ हो सयाजी, नका येऊ! खाली जा आणि तिला सांगा. पण ते यायचेच. मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याजवळ होता फक्त म्हातारा कापूस. तो एवढंच करू शकत होता, की दबला की दबलेला राहायचा. सयाजी उठून जायचे आणि त्यांच्या पाठीचा खळगा माझ्या अंगावर तसाच राहायचा. खांदे इथं, डोकं इथं. तो मी सोडला नाही. माझ्या जागी सोफा असता तर तो केव्हाच फुगून मोकळा झाला असता.

संक्रांत जवळ आली. तीळ पाखडायला सूप हवं म्हणून बयाबाई वर आल्या. क्रेटच्या मागं हात घातला, सूप काढलं, वळल्या, आणि त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. सूप खाली ठेवलं. जवळ येऊन माझ्यापाशी बसल्या. खळग्यावरून तळहात फिरवला.

"तुला म्या दसऱ्याला झोडपून गोल केला व्हता," त्या पुटपुटल्या. "कोन टेकलंय तुला?"

चाळीस वर्षं ज्या पाठीला तेल चोळलं, ती पाठ त्यांना ओळखू येणार नाही काय! त्यांचा हात थांबला. तोंडाला पदर लावून त्या तिथंच बसून राहिल्या. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. थांबली. वाजली. पुन्हा थांबली. बयाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

सयाजींनी दार लोटलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"हितं कशापाई येता?" बयाबाईंनी विचारलं.

"टाकीचं... पानी बघाया."

"टाकी लोडावर रेलून बघत्यात व्हय?"

 बयाबाईंनी ताडपत्री पसरली. "निजा बरं आडवं. लोड न घेता."

"आगं, आता कशाला..."

"निजा म्हंते ना!"

सयाजी आडवे झाले. छताच्या पत्र्याकडे बघत त्यांनी श्वास दाबून धरला. पण तो किती वेळ धरणार? खोकल्याची उबळ आली आणि ते धडपडत उठून बसले. बयाबाईंनी मला त्यांच्या पाठीशी सरकवलं. 

"गोळ्या घेत न्हाई म्या," सयाजी खाली मान घालून म्हणाले. "श्रावणापासनं. भीमाशंकराला सोडल्या. त्या कुंडीत हायेत समद्या. देवाला शबुद दिला व्हता, बये. आता परत घेतल्या तर देव काय म्हणंल?"

बयाबाई उठल्या. बाहेर जाऊन कुंडीतली माती बोटांनी उकरली. ओल्या मातीत अर्धवट विरलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या. मूठभर माती घेऊन त्या आत आल्या आणि अशा कडाडल्या, की मी घाबरून भिंतीला चिकटलो.

"क्षेत्रावर आवडीचं सोडत्यात! गोळी काय तुमच्या आवडीची व्हती? कडू लागती म्हून सोडली, अन् वर देवाच्या नावावर घातली! देवाकडं म्या पदर पसरला, तवा त्यानं त्यात काय टाकलं? ह्या गोळ्याच टाकल्या ना? त्यानं दिलेलं त्याच्याच दारात टाकून आला तुमी!"

"आगं पर..."

"आवडीचं सोडायचं असंल तर मला सोडा. हाय का हिंमत?"

 सयाजींनी बयाबाईंच्या मातीनं भरलेल्या मुठीवर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. ते हुंदके माझ्या अंगात उतरत होते. बयाबाईही रडत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली हाक मारली, "अश्विनी, आदेशला फोन लाव. गाडी घिऊन ये म्हनावं. आत्ताच्या आत्ता!"

या खेपेला दवाखान्यात सयाजींना आत नेलं आणि ते बाहेर आलेच नाहीत. बरेच दिवस तिथंच होते. आदेश मला एकट्यालाच घरी घेऊन आला. रिकाम्या पलंगावर मी पडून होतो. सणाचा दिवस असून घरात तिळगूळ झाला नाही. अश्विनी माहेरी फोनवर सांगत होती, "डॉक्टर म्हणाल्या, हृदय पुन्हा ढिलं पडलंय. पहिल्यांदा गोळ्यांनी सावरलं होतं, तसं परत सावरेल का, ते आत्ता सांगता येत नाही."  मित्रांनो, मी गच्चीवर कितीतरी वर्षं एकटा काढली, पण त्या पलंगावरचे दिवस त्याहून जड गेले. माझ्या अंगावर अजून सयाजींचा खळगा होता. तो बुजू नये म्हणून मी हललोसुद्धा नाही.

शेवटी ते आले. वाळलेले, दमलेले, पण आले. माझ्यावर टेकले तेव्हा खळगा त्यांना बरोबर बसला.

पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. पण आता सकाळी बयाबाई देवाला दिवा लावतात आणि गोळ्यांचा डबा तिथंच निरांजनाशेजारी असतो. आधी गोळी, मग नमस्कार. गोळी घेतली की सयाजी आपण होऊन आ करून दाखवतात. आणि घरच्या देवापुढं उभं राहून त्यांनी एक गोष्ट खरोखर सोडली. खाराची, मिठात मुरवलेली मिरची. ती मात्र त्यांच्या जिवाभावाची होती. सोडली त्या दिवशी जेवताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

गेणभाऊ भेटायला आले ते चोरासारखे अंग चोरून. सयाजींनी एव्हाना सगळं कबूल केलं होतं. बयाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मांडीवर थाप मारनारं तुमीच ना, भावजी?" गेणभाऊंनी दोन्ही कान धरले. त्या दिवशी त्यांनी बिबट्याचं नावही काढलं नाही.

उन्हाळा गेला, पाऊस पडून गेला. सयाजींचा भार माझ्यावरून पुन्हा हळूहळू उतरला. एके दिवशी ते नारायणगावहून आले आणि बयाबाईंनी दारातच अश्विनीला सांगितलं, "पंपिंग चढलंय परत. पहिल्याइतकं न्हाई अजून, पर चढलंय." मग त्यांनी मला खाली अंगणात नेलं, काठी घेतली आणि झोडपलं. सयाजींचा खळगा मोडला. मला तो मोडताना दुखलं, हे तुमच्यापासून कशाला लपवू? तेवढीच एक आठवण माझ्याजवळ होती. पण मी फुगलो. पुरता गोल फुगलो.

आता मी पुन्हा गच्चीवर आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजोबा किंवा आजी रोज गोळी घेत असतील, तर ती गिळेपर्यंत त्यांच्यापाशी उभे राहा. बरं वाटायला लागलं की माणसाला वाटतं, आता कशाला? तेव्हाच जास्त जपायचं असतं. आणि अडगळीत माझ्यासारखा कुणी जुना पडला असेल, तर कधीतरी त्याच्या अंगावर हात फिरवून बघा. त्याला काही सांगायचं असू शकतं.

बयाबाई मधूनमधून येतात. सुपासाठी नाही, टाकीसाठीही नाही. परवा आल्या, दार उघडलं, खाली बसल्या आणि माझ्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. खळगा नव्हता. धूळ होती, ती पदरानं झटकली.

"एकटाच हायेस ना?" त्या म्हणाल्या. "असाच ऱ्हा, बाबा."

आणि दार ओढून घेऊन खाली गेल्या.